दसऱ्याचा नारळ आन् आठ-त्रेचाळीसचं हौसिंग

माणसं देवापुढं नारळ फोडतात. मी भायाच्या ट्रॅक्टरपुढं फोडलाय. डोक्यावर पदर घेऊन, सगळ्या वाडीसमोर, आन् तोही दरसाल. भाया म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्या नारळाचा वचपा काढायचा म्हणून मी माझ्या गाडीखाली, मागच्या चाकांमधी, नवं हौसिंग घातलं. कोणी विचारलं तं मी सांगते, मालासाठी घातलं, चढासाठी घातलं. साफ खोटं. सूड घ्यायला घातलं, आन् सूड घेतला.

आमची वाडी धावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून. सासरचे मूळचे मेंढरंवाले. मेंढरं गेली, रान राह्यलं, रानात मिरची आली. रानातून रस्त्याला लागायचं तं मधी नाला आडवा पडतो. नाल्याच्या तळाला काळा खडक, आन् खडक संपला की लगेच काळ्या मातीचा उभा चढ. मिरचीचा तोडा नेमका पावसाळ्यात. तोडलेली ओली मिरची पोत्यात थांबत न्हाई, आतल्या आत तापती, मऊ पडती. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात व्यापारी पोत्यात हात घालतो, हात गरम लागला की काही न बोलता पुढं जातो. म्हणून आमच्याकडं पावसाळ्यात माणसाची लायकी एकाच गोष्टीवर ठरते, त्याची गाडी नाला चढते का न्हाई.

वाडीची रीत अशी, की पावसाळ्यात ज्याची गाडी नाल्यात अडकली त्यानं दसऱ्याला, ज्यानं ओढून काढली त्याच्या वाहनापुढं आधी नारळ फोडायचा. आपल्या गाडीची पूजा त्याच्यानंतर. पह्यले ही रीत बैलांची होती म्हणे. ज्याच्या बैलानं गाडा काढला त्या बैलाला पुरणपोळी चारायची. चांगली रीत होती ती. बैल पुरणपोळी खातो आन् गप बसतो, टोमणे मारत न्हाई.

दुसरी रीत बोलण्याची. भायानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं न्हाई, तिनं बी त्यांच्यासमोर तोंड उघडायचं न्हाई. आता कोण पाळतं हे? आजकाल भाया लोक भावजयीला मोबाइलवर सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवतेत. पण आमच्या भायांनी ही रीत जपून ठेवली होती, कारण ती त्यांच्या सोयीची होती. मी समोर उभी असले तरी ते जाऊबाईकडं तोंड करून म्हणायचे, "म्हणावं तिला, असं असं." शिवी द्यायची असली तरी टपालानं. मला उत्तर द्यायची मुभा न्हाई. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तो माणूस माझ्याशी एक शब्द थेट बोललेला न्हव्हता.

माझं माहेर जालन्यातलं, मस्तगडचं. वडील ट्रकवर ड्रायव्हर. ट्रक धुवायला मला हाक, पाना द्यायला मला हाक, आन् मोकळ्या मैदानात जीप शिकवली तीही मलाच, आई घरातून ओरडत असताना. लग्नानंतर पिकअप घेऊ म्हणून हट्ट धरला तो मीच. नवरा म्हणजे गरीब गाय. त्याला कोणी शिवी दिली तं तो आधी इचार करतो की शिवी बराबर आहे का. पिकअप आली, आम्ही दोघंही चालवायला लागलो, आन् पह्यल्याच पावसाळ्यात मिरची भरलेली असताना नाल्याच्या चढावर मागून कडाड् आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, इंजिनाची ताकद मागं नेणारा लांब दांडा, जॉइंट, फिरून राह्यलेला, आन् चाक जागच्या जागी. मागचा एक्सल तुटला होता.

भाया ट्रॅक्टर घेऊन आले आन् ओढून काढलं. उपकार झाले, मी न्हाई कशाला म्हणू? दसऱ्याला नवरा नारळ घेऊन निघाला तं भायांनी त्याला हातानं थांबवलं. जाऊबाईला म्हणले, "गाडी जिच्या हट्टानं आली तिनं फोडावा." मंग मी पुढं झाले. पदर नाकापर्यंत, आन् नारळ पह्यल्या फटक्याला फुटला न्हाई. सगळी वाडी हसली. भाया म्हणले, "म्हणावं मस्तगडच्या मेमसाबला, नारळ फोडायचा असतो, गोंजारायचा न्हाई."

पुढच्या साली परत तेच. एक्सल नवा टाकलेला, तरी तुटला. तिसऱ्या वेळी जे झालं ते मात्र मी मरेपर्यंत इसरणार न्हाई.

चढावर गाडी चिखलात रुतून बसली होती, ह्या वेळी एक्सल शाबूत. दुपार टळलेली, वरून पाऊस, मागं आमच्या रानातली पोती. नवरा पळत जाऊन भायांना बोलावून घेऊन आला. ते आले, ट्रॅक्टर काठावर लावला, आन् उतरलेच न्हाईत. मडगार्डवर बसून चहा पीत राह्यले. नवरा म्हणला, "दादा, साखळी लावू का? बाजार उठंल." ते म्हणले, "जल्दी कामून करतो? म्हणावं मेमसाबला, गिअर टाकून पाह्य अजून. ड्रायव्हरची पोर हाय ना." मी गिअर टाकत राह्यले, गाडी खाली खाली जात राह्यली. ते एक कप पिले, जाऊबाईकडून आणखी भरून घेतला, तोही फुंकून फुंकून पिले. मंग साखळी लावली. आम्ही पिंपळगावला पोहचलो तेव्हा झाडू मारून राह्यले होते. घरी येऊन मी पोत्यात हात घातला तं आत भट्टी. सगळी मिरची उकिरड्यावर ओतली. ती मी माझ्या हातानं तोडली होती. आन् मिरची तोडलेल्या हातानं डोळेसुद्धा पुसता येत न्हाईत, म्हणून मी रडले बी न्हाई. नुसती बसून राह्यले आन् मनात म्हणलं, भाया, तुम्ही माझ्या गाडीपुढं नारळ फोडाल. न्हाई फोडायला लावला तं नाव बदलीन.

त्या दसऱ्याचा नारळ फोडून झाला तशी मी जालन्याला गेले. वडील गेल्यानंतरही त्यांच्या ओळखीचा मिस्त्री होता, बोलायला लई मोठा, आपल्या हाताखालून गेलेली गाडी काशीला जाऊन येती म्हणणारा. मी म्हणलं, "चाचा, चढावर एक्सल तुटतो. असलं काहीतरी पाह्यजे की परत मागं वळून पाह्यलं न्हाई पाह्यजे."

तो म्हणला, "फोर-व्हील ले लो बेटी. चारों चाकं ओढतेत. मागच्याचा भार हलका."

मी म्हणलं, "आन् पुढच्याचं काय? मागच्या गिअरचे दात बदलले की पुढचे बी बदलावे लागतेत." वडिलांचं बोलणं मला पाठ होतं. चारी चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचं आन् मागचं दातांचं गणित एकच लागतं. न्हाई तं पुढची चाकं एका चालीनं ओढतेत, मागची दुसऱ्या. चिखलात घसरून निभावतं, पण खडकावर चाकं घसरत न्हाईत, मंग गाडी सोताशीच भांडती आन् पुढं-मागं ताकद वाटणारा मधला डबा फुटतो. मला तेवढा खर्चा झेपणार न्हव्हता, आन् गरजही न्हव्हती. नाला चढताना माल भरलेला असतो. वजन सगळं मागच्या चाकांवर. ज्याच्यावर वजन आहे त्यालाच ताकद द्यायची, असं माझं साधं म्हणणं होतं.

मिस्त्रीनं टोपी मागं सरकवली. "तो फिर पक्का हौसिंग पाह्यजे," म्हणला. हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधला तो आडवा लोखंडी नळा, मधी मडक्यासारखा फुगलेला. आमच्या गाडीत एक्सलला दोन कामं होती, गाडीचं वजनही पेलायचं आन् चाकही फिरवायचं. एका सुनेवर सगळं घर टाकल्यावर तिचं जे होतं तेच त्या एक्सलचं होत होतं. मोठ्या गाड्यांचं तसं नसतं. वजन हौसिंग पेलतं, एक्सल नुसता चाक फिरवतो. तुटला तरी चाक जागेवर राहतं, बोल्ट खोलून एक्सल काढायचा आन् दुसरा सरकवायचा. मला तसलं पाह्यजे होतं.

आम्ही भंगारात गेलो. जालन्यात लोखंडाला तोटा न्हाई, तोटा आहे खऱ्या बोलणाऱ्याला. पह्यलं हौसिंग दाखवलं ते नव्या नवरीसारखं काळं चकाचक रंगवलेलं. मी हातोडी मागितली. एका अंगाला ठोकलं तं खणखणीत, दुसऱ्या अंगाला ठोकलं तं भद्द. नखानं रंग खरवडला, खाली वेल्डिंग निघालं. दुकानदार म्हणला, "बाई, तुम्ही नुसतं ठोकून काय समजता?" मी म्हणलं, "तुमच्या तोंडाकडं बघूनच समजलं होतं, हातोडी तं वरून." मिस्त्री दुसरीकडं तोंड करून हसला.

दुसरं रंगवलेलं न्हव्हतं, तेलानं बरबटलेलं होतं. एका छोट्या मालट्रकचं. मी झाकण खोलायला लावलं, बोट तेलात बुडवलं आन् चोळून पाह्यलं. कचकच लागली न्हाई, चमकी दिसली न्हाई. पिनियन, म्हणजे आतला लहान गिअर, हातानं मागंपुढं हलवून पाह्यला. थोडा हलला, बराबर हलला. बिलकुल न हलणारा बी वाईट आन् खडखड करणारा बी वाईट. मंग दात मोजले. आमच्या जुन्यात लहान गिअरला नऊ आन् मोठ्याला सदतीस दात होते. जॉइंट चार फेरे फिरला की चाक एक फेरा फिरायचं. ह्याच्यात लहान आठाचा, मोठा त्रेचाळीसाचा. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी जॉइंटला पाचाच्या वर फेरे. वेग मरणार, ताकद वाढणार. मिस्त्री म्हणला, "रोडवर सायकलवाले ओव्हरटेक करेंगे, बेटी." मी म्हणलं, "करू दे. मला रोडवर कोणाला दाखवायचंच न्हाई. मला नाल्यात दाखवायचंय."

त्यानं आणखी एक सुचवलं, डिफरन्शल आतून वेल्डिंग करून टाकू, दोन्ही चाकं एकदमच फिरतील, एक चाक नुसतं घुमायची भानगड न्हाई. मी न्हाई म्हणलं. बाजारात पोत्यांच्या मधून वळायचं असतं, वळताना दोन चाकांना वेगळं वेगळं फिरावंच लागतं. एकमेकाला बांधली तं टायर झिजतेत आन् परत एक्सलच तुटतो. हौसिंग बसवलं. स्प्रिंगच्या कमानी टेकायच्या गाद्या नव्यानं जोडल्या, जॉइंट कापून बराबर मापात केला, खोल नक्षीचे टायर टाकले. शेवटी मिस्त्रीनं सवयीप्रमाणं हौसिंगच्या मडक्यावर पांढऱ्या रंगानं आकडा टाकला, ८-४३. मला तो आकडा कुंकवापेक्षा जास्त आवडला.

जालन्याहून गाडी नवऱ्यानं चालवत वाडीत आणली आन् म्हणला, "बैलगाडी केली का गं हिची? भोकरदनपासून मला एका म्हाताऱ्यानं लुनावर मागं टाकलं." भाया म्हणले, अर्थात जाऊबाईला, "मेमसाबनं गाडीचं कासव केलं. म्हणावं, कासव बी साखळीनं ओढू आपण."

पाऊस आला. तोडा झाला. भाया ट्रॅक्टर चालू करूनच काठावर थांबले होते, येणाऱ्या दसऱ्याचा नारळ त्यांना दिसून राह्यला होता. मी खडकावर उतरले, पह्यला गिअर टाकला, पाय हलका ठेवला. गाडी काही पळाली न्हाई, तिनं मिजास केली न्हाई. चिखलात रोवलेला पाय म्हातारी जशी एक एक करून काढती तशी चढत गेली आन् वर आली. मी काठावर थांबले न्हाई, हॉर्न वाजवला न्हाई. आरशात पाह्यलं तेवढं. ट्रॅक्टरचं धूर सोडणं चालू होतं आन् भाया मडगार्डवर नुसते बसलेले होते.

त्या दसऱ्याला मी आमच्याच गाडीपुढं नारळ फोडला, एका फटक्यात. लोक म्हणले, झालं, सुटलीस. छे! मी कसली सुटते? माझा नारळ वाचला म्हणजे काय सूड झाला? उट्टं तेव्हा निघतं जेव्हा समोरच्याला फोडावा लागतो.

पण भायांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, ते मला बघायला मिळत होतं. वाडीतले दोघं-तिघं आता माल माझ्या गाडीत द्यायला लागले. भायांनी मंग ट्रॅक्टर विकला आन् एक जुनी फोर-व्हील मालगाडी आणली. उंच, हिरवी, चारी चाकांवर चालणारी. जाऊबाई मला म्हणल्या, "तेंच्या डोक्यात तुझी गाडी बसलीय. तुझ्यापेक्षा वर जायचं म्हणतेत." जाऊबाईचा माझा काही वाद न्हाई. लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापताना माझे हात भाजायचे, तं त्यांनी गुपचूप माझ्या वाटच्या भाकरी थापल्या.

एका दुपारी मी ओसरीवर आले तं माझ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. धोतर, आन् पायात भायांची चप्पल. मागच्या हौसिंगखाली उताणे पडून त्यांचं काहीतरी बघणं चालू होतं. मी थेट बोलू शकत न्हव्हते, रीत आडवी होती! मी चहा केला आन् जाऊबाईच्या हाती गाडीखाली पाठवला. पायांची धांदल उडाली, वर डोकं आपटल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तं कपाळाला ग्रीस, आन् बोटांवर काहीतरी मोजत होते. आठ-त्रेचाळीस. दुसरं काय मोजणार?

संध्याकाळी जाऊबाई आल्या. म्हणल्या, "ह्ये म्हणतेत, तुझ्यासारखंच मागं बसवलं तं बरं पडंल का?"

मी चुलीकडं बघत म्हणलं, "माझं मागं बसवून बरंच झालंय, आक्का."

एक अक्षर खोटं बोलले न्हाई मी. पुढचं बी बदलावं लागंल, तुमच्या गाडीला पुढच्या चाकांना बी ताकद आहे, मधला डबा फुटंल, हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण विचारलं होतं कोणी? ज्याला विचारायचं होतं तो भिंतीपलीकडं खाकरत बसला होता. दोन पावलं आला असता, "काय गं, पुढचं काय करावं?" एवढं म्हणला असता, तं मी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं. न्हाई आला. मी भाकरी उलटली.

त्यांचा भोकरदनचा मिस्त्री बिचारा म्हणला होता, पुढचं बी घालावं लागंल. हे मला नंतर जाऊबाईनं सांगितलं. भायांनी त्यालाच झापलं, "मला येडा समजतो का? तिनं फकस्त मागचंच बदललंय. एका बाईचं जिथं एकात भागतंय तिथं मला दोन कामून लावतो? लुटतो का मला?" आन् नुसतं मागचंच आठ-त्रेचाळीसचं बसवून आणलं. बघा, माझ्यावर एवढा भरवसा त्या माणसानं आयुष्यात पह्यल्यांदा ठेवला.

पावसाळा लागला. पह्यल्या काही खेपा खडकावर गाळ साचलेला असताना गेल्या, चाकं घसरत राह्यली, निभावलं. मंग एका दिवशी नाल्याला पाणी येऊन गेलं आन् खडक धुऊन स्वच्छ झाला. भायांची गाडी मिरचीनं भरलेली, जाऊबाई पोत्यांवर ताडपत्री धरून बसलेल्या. खडकावर आल्यावर भायांनी फोर-व्हीलचा दांडा टाकला. मी आमच्या घरामागच्या बांधावरून बघत होते. गाडी आखडली. पुढची चाकं एक ओढून राह्यली, मागची दुसरंच, आन् सगळी गाडी थरथरायला लागली. त्यांनी आणखी रेस दिली. गाडीच्या पोटातून आवाज आला, लोखंडाचा हंडा दगडावर आपटावा तसा. गाडी थांबली ती थांबलीच.

ट्रॅक्टर तं विकलेला. वाडीत ओढणारी गाडी एकच, माझी. नवरा पळत आला, "चल लवकर, दादाची मिरची तापंल."

मी म्हणलं, "चहा ठेवलाय."

"चहाचं काय घेऊन बसलीस!"

"जल्दी कामून करता? म्हणावं तेंला, गिअर टाकून पाह्य अजून."

नवऱ्यानं माझ्याकडं असं पाह्यलं, जसं काही मी कोणी दुसरीच बाई आहे. मी बशीत चहा ओतला आन् फुंकून फुंकून पिले. खोटं कशाला सांगू, तसला गोड चहा मी जन्मात पिले न्हव्हते. आणखी एक कप घ्यायचा होता, त्यांनी घेतला होता तसा. पण जाऊबाई पावसात ताडपत्री धरून बसलेल्या दिसल्या. ती मिरची त्यांच्या हातची होती. मी कप पालथा घातला आन् पदर कमरेला खोचला.

खडकावर गाडी उलटी लावली. साखळी नवऱ्यानं उचलली तं मी म्हणलं, "तुम्ही न्हाई. ज्याची गाडी त्यानं लावायची." भायांनी साखळी घेतली. माझ्या गाडीच्या मागं, चेसीच्या हुकाला लावायला ते गुडघ्यावर बसले. तोंडासमोर पांढरा आकडा. जाऊबाईला मी माझ्या शेजारी बसवलं. पह्यला गिअर टाकला, साखळी ताणली, आन् माझं कासव भरलेली हिरवी गाडी घेऊन चढ चढलं.

वर रस्त्याला लागलो की साखळी सोडायची असते. मी सोडली न्हाई. मिरची बाजारात पोहचवायची होती ना! पिंपळगावपर्यंत ओढत नेलं. मागून भाया हॉर्न वाजवत राह्यले, मला ऐकू आलं न्हाई. आठ-त्रेचाळीसचा वेग तो किती! सायकलवाले पुढं गेले, शेळ्या पुढं गेल्या, धावड्यातले लोक दुकानातून बाहेर येऊन निवांत बघून राह्यले, वर कोणीतरी हात केला. पिंपळगावच्या भर बाजारात, पोत्यांच्या मधून, व्यापाऱ्यांच्या समोरून, मी माझ्या भायांना साखळीनं बांधून हळू हळू घेऊन गेले. शेजारी जाऊबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या, हसता हसता त्यांना ठसका लागला. मिरची थंड होती. चांगली गेली.

मंग राह्यला दसरा. भाया येतील का न्हाई, यावर वाडीत पैजा लागल्या. आले. कडक इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात नारळ. मी गाडी धुऊन काढली होती, झेंडूचा हार पुढं न घालता मागच्या चाकाला घातला होता आन् हौसिंगला हळदकुंकू लावलं होतं. भाया पुढच्या बंपरकडं निघाले. मी जाऊबाईला म्हणलं, "म्हणावं, मागं." ते मागं आले. खाली बसले, नारळ दगडावर मारला. फुटला न्हाई. कोणी हसलं न्हाई, मोठ्या माणसाला लोक हसत न्हाईत. मंग मीच हसले. पदर खांद्यावर पडलेला, दात दिसतील असं, मोठ्यानं. दुसऱ्या फटक्याला फुटला.

पण ते उठेनात. पाणी सांडत होतं, दोन्ही हातात नारळाची दोन भकलं, आन् नजर त्या आकड्यावर. मंग मान वर केली आन् सरळ माझ्याकडं पाह्यलं. जाऊबाईकडं न्हाई, नवऱ्याकडं न्हाई. माझ्या तोंडाकडं.

"तुला माहीत होतं?"

 लग्न होऊन आल्यापासून त्या माणसाचा माझ्याशी बोललेला तो पह्यला शब्द. आवाजात राग न्हव्हता, खरंच विचारत होते. माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले, त्याला वाटलं आता मिटलं सगळं, भावाभावांच्या चुली परत एक होतात की काय.  एवढंच तं पाह्यजे होतं मला इतकी वर्षं, की ह्यानं मला विचारावं. आता एक शब्द थेट बोलले असते तं मिटलंही असतं.

मला त्यांचा दुसरा कप आठवला. उकिरड्यावर ओतलेली मिरची आठवली.

मी खांद्यावरचा पदर उचलला, डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत नीट ओढला, आन् शेजारी उभ्या असलेल्या जाऊबाईकडं तोंड केलं.

"आक्का, म्हणावं तेंला, माहीत होतं."

भाया आमच्यापासून हातभर अंतरावर बसलेले. जाऊबाई त्यांच्याकडं वळल्या आन् शब्दन् शब्द सांगितला, "ती म्हणती, माहीत होतं."